चामड्याच्या मुठीचा सुरा

१९४२ साली अमेरिकेच्या मरीन कोअरने आपल्या ‘रेडर’ तुकड्यांच्या हाती एक देखणा खंजीर दिला. दोन्ही बाजूंना धार, टोकाकडे निमुळते होत गेलेले पाते आणि जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव मूठ. मूळ कल्पना ब्रिटिश कमांडोंची. शांघायच्या पोलीस दलात मुरलेल्या विल्यम फेअरबेर्न आणि एरिक साइक्स या जोडीने लंडनच्या विल्किन्सन कंपनीकडून असाच खंजीर बनवून घेतला होता आणि त्याचा बोलबाला अटलांटिकपार पोहोचला होता. मरीनांचे लेफ्टनंट कर्नल क्लिफर्ड शूई यांनी त्याची अमेरिकी आवृत्ती तयार केली. न्यू यॉर्क राज्यातल्या कॅमिलस कंपनीने असे चौदा हजारांवर नग बनवले.

खंजीर होता माणूस मारण्यासाठी. पण पॅसिफिकमधल्या एखाद्या बेटावर उतरलेल्या जवानाला सुऱ्याने माणूस मारायची पाळी क्वचितच येई. जेवणाचे डबे मात्र रोज फोडावे लागत. दारूगोळ्याच्या लाकडी पेट्या उचकटायच्या, वेली तोडायच्या, खंदक खणताना आडव्या येणाऱ्या मुळ्या कापायच्या, तंबूच्या खुंट्या ठोकायच्या. या कामांत त्या नाजूक खंजिराची टोके मोडू लागली. जस्ताची मूठही फार दिवसांची सोबतीण नव्हती; आज संग्राहकांकडे जे नग उरलेत, त्यांतल्या कित्येकांच्या मुठींना तडे गेलेले आहेत. शस्त्र म्हणून त्याची आखणी चोख होती, पण लढाईतला सगळा वेळ काही लढण्यात जात नाही, हे आखणाऱ्यांच्या लक्षात आले नव्हते.

यावर जो उपाय निघाला, तो कुठल्याही युद्धतज्ज्ञाच्या डोक्यातून निघाला नाही. तो चाळीस वर्षे आधीच मिशिगनच्या जंगलात तयार होऊन बसला होता.

मिशिगनच्या उत्तर भागात, लेक मिशिगनच्या काठी ग्लॅडस्टोन नावाचे छोटे गाव आहे. तिथला वेबस्टर मार्बल हा १८५४ साली जन्मलेला माणूस. उमेदीची वर्षे त्याने जंगलमोजणीत घालवली. लाकूड कंपन्यांसाठी आठवडेच्या आठवडे रानात भटकायचे, कुठल्या पट्ट्यात किती झाडे उभी आहेत, त्यांतून किती लाकूड निघेल याचा अंदाज बांधायचा, नकाशे करायचे आणि परत यायचे, असे ते काम. अशा माणसाला आपल्या सामानातली प्रत्येक खोट पाठीवर वाहावी लागते. उघड्या पात्याची कुऱ्हाड पट्ट्यात खोचून चालताना कधी मांडीत शिरेल याचा नेम नसे. मार्बलने पात्यावर मिटणारे झाकण असलेली छोटी कुऱ्हाड काढली आणि १८९८ च्या सुमारास तिच्या जोरावर कारखाना थाटला. पाठोपाठ पाण्यात पडली तरी आतल्या काड्या कोरड्या ठेवणारी काडेपेटी आली. आणि विसावे शतक उजाडता उजाडता आला ‘आयडियल’ नावाचा शिकारीचा सुरा.

तोवर अमेरिकेतला शिकारी एक तर खाटकाचा सुरा वापरी, नाही तर बोवीसारखे मोठे धूड कमरेला लटकावी. मार्बलचा सुरा या दोहोंमधला होता. पाते जाड, पण दोन्ही अंगांना रुंद पन्हळ काढून हलके केलेले. टोक किंचित वर उचललेले. आणि मूठ चामड्याची. चामडे मुठीवर गुंडाळलेले नव्हे, तर चामड्याच्या गोल चकत्या एकावर एक रचून, दाबून, मग तासून केलेली अख्खी मूठ. ही युक्ती मार्बलनेच शोधली असे म्हणता येणार नाही. पण ती अमेरिकेच्या घराघरांत पोहोचवली ती त्याच्या कारखान्याने. सांबरशिंगाची मूठही त्याच्याकडे मिळे. गाजली ती मात्र चामड्याची.

कारण साधे आहे. मिशिगनच्या थंडीत धातूला उघडा हात लावणे ही शिक्षाच. चामडे गार पडत नाही. शिंग रक्ताने निसरडे होते, लाकूड कोरड्या हवेत तडकते. चामडे ओले झाले की उलट हाताला अधिक धरते. शिवाय चकत्या लहान असतात, त्यामुळे जोडे-खोगिरांचे कापकाम झाल्यावर उरणाऱ्या तुकड्यांतूनही त्या निघतात. या मुठीच्या देखणेपणाबद्दल आज बरेच लिहिले जाते. माझ्या मते तिच्या जन्मामागे देखणेपणापेक्षा काटकसर आणि गारठलेली बोटे जास्त आहेत.

ती बनते कशी, हे जरा जवळून पाहण्यासारखे आहे. पात्याच्या मागच्या बाजूने एक अरुंद दांडा काढलेला असतो, तोच मुठीच्या आरपार जातो. आधी त्यावर पितळेची किंवा पोलादाची आडवी पट्टी बसते, म्हणजे हात घसरून पात्यावर जात नाही. मग चकत्या. त्यांच्यासाठी बुटाच्या तळव्याचे, झाडांच्या सालींनी कमावलेले जाड चामडे लागते. क्रोमने कमावलेले मऊ चामडे इथे कुचकामी, कारण ते दाबले की रबरासारखे परत फुगते. (अमेरिकेत हे कमावणे ओक आणि हेमलॉकच्या सालींवर चाले. आपल्या सह्याद्रीतला हिरडा त्या काळी मुंबई बंदरातून जहाजे भरभरून विलायतेच्या चामडे-कारखान्यांकडे जाई, तो याच कामासाठी.) प्रत्येक चकतीच्या मधोमध दांड्याच्या मापाची चीर पाडायची. चीर सैल झाली तर मूठ पुढे खुळखुळणार, म्हणून ती मुद्दाम घट्टच ठेवायची आणि चकती ठोकून ठोकून खाली बसवायची. वीसेक चकत्या चढल्या की वरून धातूची टोपी. मग खरा जोर लागतो. शिकंज्यात धरून सगळी चवड इतकी आवळायची, की दोन चकत्यांमधली फट दिसेनाशी व्हावी. आणि ती आवळलेली असतानाच दांड्याचे टोक नटाने, खिळीने किंवा हातोडीने चेचून पक्के करायचे. या टप्प्यावर मूठ ओबडधोबड, चौकोनी ठोकळ्यासारखी दिसते. कानस, मग पॉलिश कागद, शेवटी मेण किंवा लाखेचा हात. चकत्यांच्या कडा घासून एकजीव झाल्या की चामड्यावर लाकडासारखी तकाकी येते आणि जवळून पाहिल्याशिवाय हे कातडे आहे हे कळतही नाही.

म्यानातही एक खुबी आहे. चामड्याचे दोन पदर नुसते शिवले, तर सुरा आत-बाहेर करताना धार टाक्यांवरच फिरते आणि महिन्या-दोन महिन्यांत म्यान उसवते. म्हणून दोन पदरांच्या मध्ये, धारेच्या बाजूला, चामड्याचीच एक पट्टी घालून तिच्यासकट आरीने भोके पाडतात आणि मेण लावलेल्या दोऱ्याने दोन्हीकडून शिवतात. धार पट्टीवर घासते, टाके वाचतात. चामडे भिजवून त्यात सुरा दाबून ठेवला, की वाळताना ते त्याचाच आकार घेते. ज्याला हे जमते त्याच्या म्यानात सुरा बटणाशिवायही धरून राहतो.

हे सगळे एकहाती, एका छपराखाली करणारा माणूस म्हणजे विल्यम स्केगल. मिशिगनमध्येच, फ्रूटपोर्टला त्याचे दुकान होते. तऱ्हेवाईक, एकलकोंडा, पण हात सोन्याचा. मार्बलची मूठ त्याने उचलली आणि तिच्यात स्वतःची भर घातली: चामड्याच्या चकत्यांमध्ये पितळेच्या आणि रंगीत फायबरच्या पातळ चकत्या, आणि शेवटी टोपीऐवजी हरणाच्या शिंगाचा तुकडा. पात्यावर मलय क्रिसची छोटी मुद्रा. ॲबरक्रॉम्बी अँड फिच या न्यू यॉर्कच्या बड्या दुकानात त्याचे सुरे विकले जात. पोलिओच्या साथीत पांगळ्या झालेल्या मुलांसाठी त्याने पायाला बांधायचे आधार बनवून दिले आणि त्याचे पैसे घेतले नाहीत, ही त्याच्याविषयी हमखास सांगितली जाणारी गोष्ट. १९६३ मध्ये तो वारला. आज त्याचा एखादा सुरा लिलावात आला की बोली हजारो डॉलरांत जाते. त्याच्या हयातीत त्याला याची कल्पनाही नसेल.

स्केगलचा एक सुरा १९३० च्या दशकाच्या मध्यावर मिशिगनच्याच वॉलून लेकच्या काठी एका माणसाच्या हातात होता. तो माणूस त्या सुऱ्याने बोटीवरचा जुना रंग खरवडत होता. फ्लोरिडातल्या संत्र्यांच्या बागाईतदाराचा मुलगा वॉल्टर डोएन रँडल, ज्याला सगळे ‘बो’ म्हणत, तिथे सुटीला आलेला. एवढे खरवडूनही धार बोथट होत नाही हे पाहून त्याने तो सुराच विकत घेतला. घरी जाऊन मोटारीच्या स्प्रिंगच्या पोलादाचा तसा एक स्वतः घडवून पाहिला. तो मित्राला आवडला, दुसरा केला. छंदाचा धंदा झाला. पुढे ऑर्लँडोजवळ त्याची कार्यशाळा उभी राहिली. चांगल्या हत्याराची परीक्षा अशी रंग खरवडण्यासारख्या गैरवापरातच होते. काचेच्या पेटीत सगळेच सुरे धारदार असतात.

आता परत १९४२ कडे. ऑगस्टमध्ये मरीन ग्वादलकनाल आणि तुलागीवर उतरले. पुढचे सहा महिने ते जपान्यांइतकेच चिखलाशी, मलेरियाशी आणि उपासमारीशी झुंजले. पहिल्या महायुद्धातले पितळी मुष्टीचे सुरे, नवे नाजूक खंजीर, घरून आणलेले शिकारीचे सुरे, जे हाताला लागेल ते जवान वापरत होते. नोव्हेंबरपर्यंत मरीन कोअरच्या पुरवठा विभागातल्या कर्नल जॉन डेव्हिस आणि मेजर हॉवर्ड अमेरिका (आडनाव खरोखर हेच) यांनी न्यू यॉर्क राज्यातल्या ओलियन गावच्या युनियन कटलरी कंपनीबरोबर बसून नवा सुरा ठरवला. सात इंचांचे पाते, एकाच बाजूने धार, टोकाजवळ पाठ कापून उचललेली, अंगावर पन्हळ; पोलादाची आडवी पट्टी; आणि पाच इंचांची, आडव्या खाचा पाडलेली चामड्याच्या चकत्यांची मूठ. पाते चमकू नये म्हणून त्यावर काळपट थर. कागदोपत्री नाव ‘१२१९सी२’. ज्याने मार्बलचा ‘आयडियल’ पाहिला होता, त्याला या सुऱ्याचे घराणे सांगायची गरज नव्हती.

चामडे निवडण्यात त्या दिवसांची निकडही दिसते. मलाया आणि जावाचे रबराचे मळे जपानच्या हाती गेलेले. ॲल्युमिनियमवर विमानांचा पहिला हक्क. चामडे मात्र देशातच होते, आणि चकत्या ठोकून मूठ करणारे कारागीरही. कारखान्यात हाताची कृती तीच राहिली, फक्त तिला यंत्रे जोडली गेली: चकत्या साच्याने फटाफट कापल्या जात, दाबयंत्राने आवळल्या जात आणि कानसेऐवजी लेथवर मूठ फिरवून तिला आकार आणि खाचा दिल्या जात. म्यानावर टाक्यांच्या जोडीला पोलादी पिना आल्या, कारण लाखो म्याने शिवताना प्रत्येकाची कड जपत बसायला वेळ कुणाला?

पहिली खेप मरीनांकडे पोहोचली २७ जानेवारी १९४३ रोजी. गंमत अशी, की ती ओलियनची नव्हतीच. ती पाठवली कॅमिलसने, म्हणजे त्या फसलेल्या खंजिराच्याच कंपनीने. तरीही नाव चिकटले ते ओलियनवाल्यांचे. युनियन कटलरी आपल्या मालावर ‘का-बार’ असा छाप मारी. एका फासेपारध्याने कंपनीच्या सुऱ्याने अस्वल मारल्याचे पत्र पाठवले, त्यातली मोडकी अक्षरे ‘का बार’ अशी वाचली गेली आणि तोच छाप झाला, अशी कंपनीची कथा. कथा कितपत खरी हे सोडा. कॅमिलस, रोबसन, पाल अशा कोणाचाही सुरा असो, जवान त्याला ‘के-बार’च म्हणू लागले. नौदलाने हाच सुरा ‘मार्क २’ म्हणून घेतला. एकट्या युनियन कटलरीने युद्धकाळात दहा लाखांहून अधिक सुरे बनवले.

पेलेलिऊ आणि ओकिनावाच्या लढाया लढून जिवंत परतलेल्या युजीन स्लेजने १९८१ साली आपल्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात या सुऱ्यासाठी त्याने जागा राखली आहे आणि चामड्याच्या चकत्यांच्या मुठीचाही उल्लेख केला आहे. त्याच्या लेखी तो रणांगणावरचा घरगुती जिन्नस होता. सुरा जवळ असला की झोप लागे हे खरे, पण दिवसभर त्याचे काम म्हणजे डबे उघडणे. खंजीर हरला आणि शिकाऱ्याचा सुरा जिंकला तो इथे.

अमेरिकेच्या लष्कराने मात्र हा धडा अर्धाच गिरवला. मार्च १९४३ मध्ये त्यांनी ‘एम-३’ सुरा स्वीकारला: मूठ चामड्याच्या चकत्यांची घेतली, पाते पुन्हा खंजिराचे. पंचवीस लाखांच्या आसपास नग बनले आणि दीडेक वर्षात त्याची जागा कार्बाइनच्या संगिनीने घेतली. मूठ बरोबर, पाते चुकीचे, असा माझा निकाल आहे. संगिनीलाही सुरुवातीला मूठ त्याच चामड्याची होती.

या कारखानदारीच्या धबडग्यात हातकामही थांबले नव्हते. नौदलाच्या दुरुस्ती-जहाजांवर, विमानतळांच्या कार्यशाळांत मोकळ्या वेळात सुरे घडत. पाते जुन्या कानसेचे किंवा मोडक्या स्प्रिंगचे, आणि मुठीला पडलेल्या विमानांचे ॲल्युमिनियम, खिडक्यांचे पारदर्शक प्लास्टिक, चामडे, जे मिळेल त्याच्या चकत्या, स्केगलच्याच पद्धतीने एकाआड एक रचलेल्या. आणि ऑर्लँडोला बो रँडलकडे पत्रांचा ओघ सुरू झाला होता. आघाडीवर निघालेल्या तरुणांनी मागितल्यावरून त्याने लढाऊ सुऱ्याचा ‘मॉडेल १’ तयार केला: जाड पाते, पितळेची आडवी पट्टी, चामड्याची मूठ, आणि म्यानाच्या पुढच्या बाजूला निसणा ठेवायला छोटा खिसा. तो खिसा मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत शहाणी कल्पना वाटते. सुरा देताना धार लावायची सोयही त्याच्याच अंगावर द्यावी, हे ज्याने स्वतः धार लावली आहे त्यालाच सुचते. सुरा मागणाऱ्यांत कॅप्टन रोनाल्ड रेगन नावाचा एक हॉलिवूडचा नटही होता.

चामड्याचा शत्रू मात्र जपानी नव्हता, ओल होती. कोकणात जुलै महिन्यात कपाटातला पट्टा काढून पाहिला की त्यावर जशी पांढरी बुरशी धरलेली असते, तशी ती सॉलोमन बेटांवर म्यानांवर आणि मुठींवर धरू लागली. दोरे कुजले, चकत्या आक्रसून सैल पडल्या. नौदलाने म्यानासाठी चामडे सोडून करडे फायबर घेतले. लष्करानेही ‘एम-३’चे चामड्याचे म्यान काही महिन्यांतच बदलून प्लास्टिकचे केले. संगिनीच्या चामड्याच्या मुठींनाही पुढे रबराने आणि प्लास्टिकने हटवले. कोरिया आणि व्हिएतनामच्या काळात रँडलनेही आपल्या लष्करी सुऱ्यांसाठी न कुजणाऱ्या कृत्रिम मुठी काढल्या. हिशेबी माणसाने इथेच चामड्याचा निकाल लावला असता.

तसे झाले नाही. व्हिएतनामच्या वेळी कॅमिलसने चामड्याच्या मुठीचे तेच सुरे पुन्हा बनवले. लढाऊ वैमानिकांना जिवावर बेतल्यास वापरायला दिलेल्या छोट्या सुऱ्यांनाही, पात्याच्या पाठीवर करवतीचे दाते असले तरी, मूठ चामड्याचीच होती. युद्धोत्तर अमेरिकेत शिकारीला जाणाऱ्या बापांकडून मुलांकडे आयडियल आणि के-बार जात राहिले. आणि १९७० पासून हाती सुरे बनवणाऱ्यांची जी लाट आली, तिच्यातल्या बहुतेकांनी स्केगलला गुरुस्थानी मानले. ज्या पद्धतीचे यंत्रीकरण युद्धाने केले होते, ती पुन्हा एकट्या माणसाच्या शिकंज्यात आणि कानसेखाली आली.

बो रँडल १९८९ मध्ये गेला. ऑर्लँडोची कार्यशाळा त्याच्या घरच्यांनी चालू ठेवली. तिथे सुरा मागवला तर काही वर्षे थांबावे लागते आणि लोक थांबतात. कॅमिलसला २००७ साली टाळे लागले. ओलियनमध्ये का-बारच्या सुऱ्यांवर चामड्याच्या चकत्या आजही दाबून बसवल्या जातात.

यातला एखादा जुना सुरा कुणा नातलगाने परदेशातून आणून दिलेला तुमच्या घरी असेल, तर एक करा: तो म्यानात ठेवू नका. चामडे कमावतानाचे आम्ल पोलादाला गंज चढवते आणि पितळेला हिरवा कळंक. सुरा वेगळा, म्यान वेगळे. पात्याला तेलाचा हात, मुठीला पावसाळ्याआधी थोडे मेण. एवढे केले तरी पुरते.